लहान शहर व कुटुंब : वाईचा अभ्यास

गेल्या उन्हाळ्यांत दहावीचा निकाल लागल्यावर आपल्या शाळेचे चार-पांच विद्यार्थी पेढे घेऊन माझ्या घरीं आले होते. ओसरीवर बसून पुढील शिक्षणाविषयीं बोलणें चाललें असतां त्यांतील एकानें मला सरळच विचारलें, "सर, येथें राहून काय करायचें? वाईंत आहे काय?" मीं उत्तरादाखल कृष्णेचे घाट, ढोल्या गणपति, विश्वकोश अशीं नेहमीचीं नांवें घेतलीं. मुलगा नम्र होता. त्यानें मान डोलाविली. परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याला मिळालें नाहीं हें त्याच्या मुद्रेवरून मला कळलें. तो कांहीं प्रवाशास दाखविण्याजोगीं स्थळें विचारीत नव्हता. माणसानें संसार कोठें मांडावा, मुलेंबाळें कोठें वाढवावीं, हें तो सोळाव्या वर्षीं मला विचारीत होता.

हा प्रश्न केवळ त्या मुलाचाच होता असेंही नाहीं. त्याच उन्हाळ्यांत माझी थोरली मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन पुण्यास जाण्याच्या तयारींत होती, व आमच्या घरीं रोज रात्रीं जेवणानंतर ह्याच विषयाचा खल चालत असे. त्या दिवशीं मला देतां न आलेलें उत्तर शोधण्याचा प्रयत्न मी ह्या लेखांत करणार आहें. विद्यार्थिमित्रांनीं तो आपल्या शहराचा एक धडा समजून वाचावा.

प्रथम 'लहान शहर' म्हणजे काय तें ठरविलें पाहिजे. आपल्या देशाच्या जनगणनेंत ज्या वस्तीस नगरपालिका आहे ती शहर म्हणून गणली जाते. नगरपालिका नसेल तर निदान ५,००० लोकवस्ती, काम करणाऱ्या पुरुषांपैकीं निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या उद्योगांत, व दर चौरस किलोमीटरास निदान ४०० माणसें, अशा तीन कसोट्या लावितात. वाईस नगरपालिका आहे, तेव्हां तिचें शहरपण वादातीत आहे. आतां लहानपण पाहूं. १९०१ सालच्या खानेसुमारींत वाईची वस्ती सुमारें १४ हजार होती. २०११ सालीं ती ३६ हजारांच्या आसपास भरली. एकशें दहा वर्षांत ही वाढ सुमारें अडीचपट झाली. तेवढ्याच अवधींत पुण्याची वस्ती दीड लाखांवरून ३१ लाखांवर गेली, म्हणजे वीसपट! वाई मागें कां राहिली ह्याचें एक कारण नकाशा उघडतांच दिसतें. पुण्याहून मिरजेस जाणारा लोहमार्ग वाठारावरून गेला, आणि पुण्याहून साताऱ्यास जाणारा हमरस्ता सुरूरवरून गेला. वाई दोहोंच्याही बाजूस राहिली. पश्चिमेस पसरणीचा घाट, उत्तरेकडे पांडवगड, आणि वस्तीस लागून कृष्णा, अशा चौकटींत ती बसली आहे.

ह्या मागें राहण्याकडे दुसऱ्या बाजूनेंही पाहतां येतें. इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्ड नांवाचा एक लघुलेखक होऊन गेला. पार्लमेंटांतील भाषणें उतरून घेणें हा त्याचा धंदा. नगररचनेचें शिक्षण त्यानें कोठेंही घेतलें नव्हतें. महानगरांतील कोंदट वस्त्या पाहून त्याचें मन विटलें व त्यानें १८९८ सालीं एक पुस्तक लिहून शहर किती मोठें असावें ह्याचा हिशेबच मांडला. त्याच्या मतें एका उद्याननगरांत ३२ हजार माणसें असावींत. सहा हजार एकर जमिनीपैकीं केवळ एक हजार एकरांवर शहर वसवावें, आणि बाकीची जमीन शेतें, कुरणें व रानें ह्यांसाठीं राखावी. शहर भरलें कीं तें फुगूं न देतां कांहीं अंतरावर दुसरें वसवावें. १९०३ सालीं लेचवर्थ येथें ह्या विचाराप्रमाणें पहिलें नगर वसविण्यास आरंभ झाला. पुढें १९२९ सालीं अमेरिकेंत क्लेरन्स पेरी ह्यानें आणखी एक सूत्र सांगितलें, तें असें कीं मुलांना शाळेंत पायीं जातां यावें व जातांना रहदारीचा मोठा रस्ता ओलांडावा लागूं नये, एवढाच वस्तीचा घेर असावा. हॉवर्डचा तो ३२ हजारांचा आंकडा मीं प्रथम वाचला तेव्हां मला हसूं आलें. त्यानें हातीं कंपास घेऊन जें मोठ्या प्रयासानें आंखलें, तें आमच्याकडे डोंगर, नदी आणि चुकलेली आगगाडी ह्यांनीं कोणास न विचारतां करून ठेविलें होतें.

अभ्यास म्हटला कीं प्रयोग आला. नववीच्या वर्गास मीं एकदां असें काम दिलें कीं, आठ दिवस आपण घराबाहेर कोणत्या कारणानें गेलों, कसे गेलों व वाटेंत कोण भेटलें, हें वहींत टिपून ठेवावें. हें भूगोलाचें काम आहे असें मुलांना वाटेना. परंतु त्या वह्या वाचून मला पाठ्यपुस्तकापेक्षां अधिक शिकावयास मिळालें. एका मुलानें लिहिलें होतें कीं, आजोबांच्या चष्म्याची काडी तुटली ती बसवून आणली. येतांना आईनें सांगितलेली हळद घेतली. ग्रंथालयांत पुस्तक बदललें. घाटावर मित्र भेटले त्यांच्याशीं बोलत बसलों. घरीं आलों तेव्हां भाकरी अजून तव्यावर होती. हें सारें शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचें, आणि सर्व पायीं. दुसरी वही वडिलांच्या बदलीमुळें नुकतीच मुंबईहून आलेल्या एका मुलीची होती. तिनें लिहिलें होतें कीं, येथें आल्यावर आपण आयुष्यांत प्रथमच एकट्यानें दुकानांत गेलों. तिचें वय तेव्हां चौदा होतें.

ह्या दोन वह्या शेजारीं ठेवून मी पुष्कळ वेळ विचार करीत बसलों. कुटुंबास मानवणारें शहर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बगीचा, झोंपाळे व घसरगुंड्या येतात. परंतु मोठ्या शहरांतही बगीचे आहेत, व आमच्याहून पुष्कळ चांगले आहेत. तेथील मूल त्या बगीच्यापर्यंत एखाद्या पार्सलाप्रमाणें पोंचवावें लागतें व परत आणावें लागतें. वाईचें मूल मात्र दहा वर्षांचें होईतोंपर्यंत घराच्या उपयोगी पडूं लागतें. त्याला उधार किती व रोख किती हें कळतें, कोणत्या दुकानदाराशीं कसें बोलावें हें कळतें, आणि आजोबांचा चष्मा आपल्यावांचून अडला होता ही जाणीव त्याच्या ठिकाणीं उत्पन्न होते. ही जाणीव शाळेंत शिकवितां येत नाहीं. वीस वर्षें मीं प्रयत्न केला आहे.

बापाच्या वेळेचाही हिशेब येथें केला पाहिजे. मीं स्वतः मुंबईंत दोन वर्षें नोकरी केली आहे. तेथें माझा एक शेजारी पहांटे निघे तो रात्रीं परते; त्याची धाकटी मुलगी रविवारीं सकाळीं त्याला घरांत पाहून रडूं लागे. बाप वाईट नव्हता. त्याच्या दिवसाचे तीन-चार तास आगगाडीच्या डब्यांत उभ्यानें जात होते, एवढाच त्याचा अपराध. येथें माझें घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मुलें लहान असतांना दुपारच्या सुटींत घरीं येऊन त्यांच्या ताटाशेजारीं बसून मीं जेवण केलें. तीं सारीं जेवणें मोजलीं असतां माझ्या पगारांतील उणीव भरून निघते असें माझें मत आहे. माझी पत्नी ह्या हिशेबास पूर्णपणें संमति देत नाहीं.

वाईचे घाट हें आतां छायाचित्रें घेण्याचें स्थळ झालें आहे. आपण त्यांकडे कुटुंबाच्या दृष्टीनें पाहूं. पेशवाईंत रास्ते घराण्यानें ह्या शहरांत देवळें, वाडे व घाट बांधिले. आनंदराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७५७ सालीं काशीविश्वेश्वराचें, आणि गणपतराव भिकाजी रास्ते ह्यांनीं १७६२ सालीं गणपतीचें देऊळ उभारिलें. ह्या दुसऱ्या देवळाच्या मागील भिंतीपाशीं मी दर वर्षीं नवीन वर्गास मुद्दाम घेऊन जातों. देऊळ अगदीं नदीच्या कांठाशीं. पावसाळ्यांत महाबळेश्वराच्या डोंगरावरचें पाणी कृष्णेस मिळून पूर आला म्हणजे त्याचा लोंढा सरळ देवळाच्या पाठीवर येतो. सपाट भिंतीवर त्याचा सारा भार एकदम पडला असता. म्हणून बांधणाऱ्यांनीं ती भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली. लोंढा तिच्यावर आदळतांच दुभंगतो आणि दोन्ही अंगांनीं निघून जातो. भिंतीवर हात ठेवून मुलें हें समजून घेतात तेव्हां फळ्यावरील आकृतीची गरज राहत नाहीं.

वस्ती आळ्यांची व प्रत्येक आळीचा घाट निराळा. गंगापुरी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी अशीं त्यांचीं नांवें. हिवाळा सरतां सरतां कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात तेही एकाच वेळीं नव्हेत. एका घाटाचा संपला कीं दुसऱ्याचा, अशी पाळी असते, आणि त्या त्या आळीचीं माणसें आपला मांडव, आपला स्वयंपाक व आपली वर्गणी ह्यांचा भार उचलतात. मी त्या देवकार्यांतला नव्हे. परंतु पंगतीच्या पत्रावळी मोजणाऱ्या, पाणी वाढणाऱ्या मुलांकडे पाहिलें कीं हीं मुलें पुढें कोठेंही गेलीं तरी चार माणसांचें काम अंगावर घेतील, असें मला वाटतें. एरव्हींच्या दिवसांत संध्याकाळीं पायऱ्यांवर पाहावें. वरच्या अंगास पेन्शन घेतलेले गृहस्थ, मधल्या पायऱ्यांवर लहान मुलें घेऊन आलेल्या आया, खालीं पोरांचा धुमाकूळ. तेथें तिकीट नाहीं, फाटक नाहीं, कांहीं विकत घेतलें पाहिजे असें नाहीं. ज्या जागीं आजोबा, सून आणि नातू ह्या तिघांनाही आपापल्या कारणासाठीं जावेंसें वाटतें, अशी जागा बांधणें आजच्या नगररचनाकारांना किती कठीण जातें तें त्यांनाच विचारावें.

परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. पुढें वरच्या बाजूस धोम येथें धरण झालें व नदीचा ओघ माणसाच्या हातीं आला. शहर वाढलें तसें आपल्याच न्हाणीघरांचें पाणी नदीस मिळूं लागलें. आणि उन्हाळ्यांत पायऱ्यांपाशीं जलपर्णी माजलेली दिसते. माझ्या मुलांना पोहावयास शिकवावें म्हणून मीं त्यांना नदींत उतरविलें नाहीं. घाटापासून हांकेच्या अंतरावर राहणाऱ्या मनुष्यास हें लिहितांना लाज वाटते.

शहर लहान म्हणजे त्यांतील माणसांचें कार्यही लहान, अशी एक समजूत आहे. ती खोटी ठरविण्यास वाईइतकें चांगलें उदाहरण महाराष्ट्रांत थोडें सांपडेल. नारायणशास्त्री मराठे, जे पुढें संन्यास घेतल्यावर केवलानंद सरस्वती झाले, त्यांची प्राज्ञपाठशाळा येथली. विनोबा भावे तरुणपणीं गांधीजींच्या आश्रमांतून रजा घेऊन तिच्यांत शिकण्यास येऊन राहिले होते. १९०१ सालीं खानदेशांत जन्मलेले लक्ष्मणशास्त्री जोशी लहान वयांत ह्याच पाठशाळेंत शिकण्यास आले, तर्कतीर्थ झाले, आणि वाईचेच होऊन राहिले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० सालीं साहित्य आणि संस्कृति मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचें काम निघालें, तेव्हां त्याचें कार्यालय मुंबईस किंवा पुण्यास न राहतां वाईंत राहिलें. पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें वीस खंड झाले. ज्या काळीं हें काम भरांत होतें त्या काळच्या मुलांचें भाग्य मला मोठें वाटतें. ज्योतिषशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत साऱ्या जगाचें ज्ञान मराठींत उतरविणारीं माणसें त्यांना मंडईंत वांगीं निवडतांना दिसत. विद्वत्ता ही दूरच्या कोणत्या तरी इमारतींत राहत नसून ती शेजारच्या गल्लींत धोतर वाळत घालते, हें ज्यानें लहानपणीं पाहिलें तो पुढें मोठ्या पुस्तकास भीत नाहीं.

येथून सायकलीनें सहज जातां येईल इतक्या अंतरावर मेणवली आहे. नाना फडणिसांचा वाडा व घाट तेथें असून घाटावरील देवळापाशीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई पोर्तुगीजांकडून घेतली, त्या मोहिमेंतून ती आली असें सांगतात. तीवर १७०७ हें साल व कडेवर बाळ घेतलेल्या मरियेची आकृति आहे. माझा मुलगा सहा वर्षांचा असतांना ती पाहून त्यानें मोठ्यानें विचारलें, "पप्पा, ही आपली घंटा आहे का?" भोंवतीं दोन-चार माणसें होतीं. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतों इतक्यांत जवळच बसलेले एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "बाळ, सगळ्यांचीच आहे रे." मला ह्याहून चांगलें सुचलें नसतें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं हा मनुष्य वाईचा भाट झाला आहे. म्हणून आतां दुसरी बाजू मांडतों, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते.

लहान शहरांत सर्वजण सर्वांना ओळखतात. माझा मुलगा एकदां सायकलीवरून पडला तेव्हां मला वर्दी पोंचण्यापूर्वीं त्याच्या गुडघ्यास पट्टी बांधून झाली होती, आणि पट्टी बांधणाऱ्या दुकानदारानें त्यास चहाही पाजला होता. ओळखीचा हा गोड भाग झाला. पण डोळे तेच असतात. ते मुलाला सांभाळतात आणि मुलीवर पहारा करितात. कोणाची मुलगी किती वाजतां परतली, कोणाच्या घरीं कर्जवसुलीस माणूस आला, कोणाची सून माहेरीं कां राहिली, ह्याचा हिशेब ठेवणारीं माणसें प्रत्येक आळींत आहेत. विधवेनें पुन्हां संसार मांडला, मुलाला वेड्याच्या डॉक्टरकडे न्यावें लागलें, कोणी परीक्षेंत नापास झालें, तर मोठ्या शहरांत तें चार भिंतींत राहतें. येथें तें दुसऱ्या दिवशीं दुधाबरोबर घरोघर जातें. एका संध्याकाळीं माझी मुलगी शिकवणीहून नेहमीपेक्षां अर्धा तास उशिरां आली. मैत्रिणीच्या घरीं थांबली होती, दुसरें कांहीं नव्हतें. परंतु ती घरीं येईपर्यंत तीन निरनिराळ्या माणसांनीं मला ती कोठें दिसली होती तें सांगितलें होतें, आणि मीं तिला दारांतच विचारलें. ती कांहीं वेळ उगीच उभी राहिली, मग म्हणाली, "पप्पा, मला येथें हरवतांच येत नाहीं." त्या वाक्याचा अर्थ मला त्या रात्रीं कळला नाहीं. मीं तिला म्हटलें, "हरवायचें कशाला?"

आणि ह्याहून जुनें एक दुखणें आहे. कुटुंबास मानवणारें शहर म्हणतांना तें कोणाच्या कुटुंबास मानवत होतें, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. माझी आजी दुसऱ्या एका तालुक्यांतील नदीकांठच्या गांवची. त्या गांवासही सुंदर घाट आहे. आजीला मात्र घाटाच्या खालच्या अंगास, जेथें जनावरें पाण्यावर येत, तेथून घागर भरावी लागे. बाप्तिस्मा झाल्यावरही तिची घागर भरण्याची जागा बदलली नाहीं. गांवांतील प्रत्येक माणूस तिला नांवानें ओळखत असे. ओळख होती म्हणूनच तिला वरच्या पायरीवर जातां येत नव्हतें. अनोळखी ठिकाणीं ती कदाचित् गेलीही असती! ही रीत त्या काळीं महाराष्ट्रांतील बहुतेक गांवांची होती. आपल्याच सातारा जिल्ह्यांतील एक हकीकत डॉ. आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. १९०१ सालीं लहानगे भीमराव भावंडांसह साताऱ्याहून खटाव तालुक्यांतील गोरेगांवीं वडिलांकडे निघाले होते. मसूर स्टेशनावर त्यांची जात कळतांच गाडीवाले गाडी हांकण्यास तयार होईनात, आणि त्या रात्रीच्या प्रवासांत मुलांजवळ शिदोरी असूनही प्यावयास पाणी मिळालें नाहीं. पुढें १९२३ सालीं रावबहादुर बोले ह्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत संमत होऊन सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे ठरले. महाड हें वाईसारखेंच नगरपालिका असलेलें लहान शहर; तेथील नगरपालिकेनें १९२४ सालीं तो ठराव स्वीकारलाही. तरी १९२७ सालच्या मार्च महिन्याच्या २० तारखेस चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेणाऱ्यांना मार खावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें होण्यास १९३७ साल उजाडलें. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लोकांस खेडें सोडून शहराची वाट धरण्यास कां सांगितलें, हें माझ्या आजीच्या घागरीवरून मला समजतें. जेथें कोणी ओळखत नाहीं तेथें श्वास घेतां येतो, असें वाटणारीं कुटुंबें ह्या देशांत लक्षावधि होतीं.

न्यायाची गोष्ट म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, वाईच्याच पाठशाळेंत तयार झालेल्या तर्कतीर्थांनीं अस्पृश्यतेस शास्त्राचा आधार नाहीं हें गांधीजींच्या बाजूनें शास्त्राधारेंच मांडलें, व १९३३ सालीं गांधीजींचे पुत्र देवदास व राजाजींची कन्या लक्ष्मी ह्यांचा आंतरजातीय विवाह पुण्यांत त्यांनींच लाविला. एकाच लहान शहरांत जुनी भिंत असते, आणि तीस खिंडार पाडणारा पंडितही तेथेंच निपजतो. मी येथें बदलून आलों तेव्हां भाड्याचें घर शोधतांना दोन ठिकाणीं प्रथम आडनांव विचारण्यांत आलें व नंतर जागा रिकामी नसल्याचें कळलें. तिसऱ्या घरच्या आजींनीं आडनांव विचारलें नाहीं. "मुलें किती?" एवढेंच त्यांनीं विचारलें, आणि किल्ली माझ्या हातावर ठेविली. त्या घरांत आम्ही नऊ वर्षें राहिलों. आजींच्या अखेरच्या दुखण्यांत माझी पत्नी त्यांच्या उशाशीं असे. त्यांचे दोन्ही मुलगे दूरदेशीं होते.

येथें तिसरा मुद्दा आला. लहान शहर मुलें वाढवितें, आणि वाढलेलीं मुलें मोठ्या शहराच्या स्वाधीन करितें. शहरांत महाविद्यालय आहे, परंतु सर्व शाखा नाहींत. दवाखाने आहेत, परंतु दुखणें अवघड झालें कीं साताऱ्यास किंवा पुण्यास पळावें लागतें. कामधंदा आहे, परंतु शिकलेल्यास पुरेल इतका नाहीं. म्हणून जुन्या आळ्यांतून हिंडतांना एका वाड्यास कुलूप, दुसऱ्यांत दोन म्हातारीं माणसें व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारा नातू, आणि तिसरा वाडा पाडून त्या जागीं उभें राहिलेलें सदनिकांचें घर, असें चित्र दिसतें. शनिवार-रविवारीं पांचगणी-महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारींनीं रस्ता भरून जातो, त्या दिवशीं माझ्या वर्गांतील त्या मुलाला चष्म्याची काडी बसवून आणण्यास त्याची आई एकट्यास पाठवीत नाहीं. पेरीचें सूत्र आठवतें तें अशा वेळीं. लहानपण हें नदीप्रमाणें आपोआप वाहत राहणारें नसून तें रोज राखावें लागतें, आणि राखणाऱ्या वयाचीं माणसें तर गाडींत बसून निघालेलीं!

मग त्या विद्यार्थ्यास मीं काय सांगावें? रहा म्हणावें, तर आजीची घागर व मुलीचें वाक्य आठवतें. जा म्हणावें, तर रविवारीं बापास पाहून रडणारी ती मुंबईची मुलगी आठवते. पुढें तो मुलगा मला घाटावर भेटला, तेव्हां मीं त्याला एवढेंच म्हटलें, "तूं विचारलेंस तें नीट विचारलेंस. मात्र 'वाईंत आहे काय' ह्याबरोबर 'वाईंत नाहीं काय' हेंही एका कागदावर लिहून काढ, आणि जें नाहीं त्यांतील आणतां येण्याजोगें कोणतें तें खुणेनें दाखव." त्यानें तो कागद मला खरोखरच आणून दाखविला. पहिल्याच ओळींत 'पोहण्याजोगें पाणी' असें लिहून त्यापुढें खूण केली होती.

जुलै महिन्यांत आमची मुलगी पुण्यास गेली. एस. टी. स्टँडावर तिला निरोप देण्यास आम्ही चौघेंच जाणार होतों. गेलों तों शेजारच्या काकू, चष्मेवाले, व तिच्या शिकवणीच्या बाई आधींच येऊन उभ्या. कंडक्टरानेंही "कोठें चाललीस?" म्हणून नांवानिशीं विचारलें. दुसऱ्या आठवड्यांत तिचा फोन आला. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास कोठें तरी ती वाट चुकली होती व अर्धा तास एकटीच हिंडत होती. कोणी तिला ओळखलें नाहीं, कोणी हटकलें नाहीं. तिच्या आवाजांत भीति नव्हती. आनंदच होता, आणि तो ऐकून मला त्या रात्रींच्या तिच्या वाक्याचा अर्थ कळला. बोलणें संपत आलें तेव्हां तिनें विचारलें, "पप्पा, पाऊस फार आहे ना तिकडे? घाटाच्या किती पायऱ्या राहिल्या वर?"

मीं फोन तसाच कानाशीं धरून छत्री घेतली व मोजण्यास बाहेर पडलों.